वर्ग, बाजार आणि कृतिसंशोधन

डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेल्या शिक्षकाच्या कपाटात कृतिसंशोधनाची एक फाइल हमखास सापडते. शीर्षक साधारण ठरलेले असते : ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या जोडाक्षर वाचनातील चुकांचा शोध व उपाययोजना’. आधी पूर्वचाचणी, मग दोन आठवडे शब्दपट्ट्या आणि खेळ, शेवटी उत्तरचाचणी. सरासरी गुण वाढलेले असतातच. उपाय फसला असे लिहिलेली फाइल मात्र क्वचितच पाहायला मिळते, आणि एखाद्या प्रशिक्षणार्थ्याने तशी लिहिलीच तर ती जमा करताना त्याचा हात थरथरेल. वर्गातले बहुतेक उपाय पहिल्या खेपेला अर्धवटच लागू पडतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तरीही कागदावर प्रत्येक उपाय यशस्वी होतो.

मूळ कल्पना साधी आहे. शिक्षकाने आपल्या वर्गातला प्रश्न स्वतः हेरावा, उपाय करून पाहावा, काय झाले याचा पुरावा ठेवावा आणि तो पाहून पुढचे पाऊल बदलावे. गेल्या काही वर्षांत शाळेकडून आणखी एक अपेक्षा होऊ लागली आहे, ती म्हणजे मुलांना उद्योजकता शिकवण्याची. या दोन गोष्टी एकमेकींना काय देऊ शकतात, याचा हा आढावा आहे. आढावा कुठल्या तरी ठिकाणी उभे राहून घ्यावा लागतो, म्हणून गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे.

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया सोडून पूर्वेकडे निघाले की सालेकसा आणि मग दरेकसा लागते. त्यापुढे डोंगर आणि छत्तीसगडची हद्द. जवळच हाजराफॉलचा धबधबा आहे. काही अंतरावर कचारगडची गुहा आहे, तिथे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो. सालेकसा तालुक्याच्या या पट्ट्यात एकाच वर्गात गोंडी, छत्तीसगढी, हिंदी बोलणारी मुले बसतात आणि पुस्तक मराठीत असते. मार्च-एप्रिलच्या पहाटे घरची माणसे मोहफुले वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात, पावसाळ्यात धानाची रोवणी करतात. पुण्यात तयार झालेले प्रशिक्षण इथल्या शिक्षकाला शिकवण्याची पद्धत देऊ शकते. पण आज अर्धा वर्ग रिकामा का आहे, याचे उत्तर त्याचे त्यालाच शोधावे लागते.

विचाराचा उगम

कृतिसंशोधनाची मांडणी कर्ट लेविन या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या मानसशास्त्रज्ञाने केली. दुसऱ्या महायुद्धात चांगले मांस सैन्याकडे जात होते. गृहिणींनी काळीज, मूत्रपिंड असे एरवी नको असलेले भाग रांधावेत, अशी सरकारची इच्छा होती. लेविनने काही गटांना व्याख्यान दिले, तर काही गटांना आपसांत चर्चा करून स्वतः निर्णय घेऊ दिला. व्याख्यान ऐकलेल्या बायकांपैकी ३ टक्क्यांनी ते भाग रांधले, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. माणसे दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षापेक्षा स्वतः भाग घेऊन काढलेला निष्कर्ष जास्त पाळतात, हा त्याचा बोध. १९४६ च्या निबंधात त्याने योजना, कृती, परिणामांची पाहणी आणि पुन्हा योजना असा चढत जाणारा क्रम मांडला. पुढच्याच वर्षी तो वारला.

शिक्षणात हा विचार आणला कोलंबिया विद्यापीठातील स्टीफन कोरी यांनी, १९५३ च्या पुस्तकातून. लगेच टीका झाली : शिक्षक काही प्रशिक्षित संशोधक नव्हेत, नमुना लहान, तुलनेला दुसरा गट नाही. काही वर्षांतच अमेरिकेत हा प्रवाह ओसरला. तो पुन्हा वर आला इंग्लंडमध्ये. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये मांडले की अभ्यासक्रम म्हणजे वर्गात तपासून पाहायचे गृहीतक आणि ते तपासणारा माणूस शिक्षकच असायला हवा. त्यांचे सहकारी जॉन एलियट यांच्या १९७३ ते १९७५ च्या प्रकल्पात शिक्षकांनी स्वतःचे तास ध्वनिमुद्रित केले, विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि बाहेरच्या निरीक्षकाचे म्हणणे ऐकले. आपण मुलांना विचार करायला लावतो, असे समजणाऱ्या शिक्षकांना कळले की मुले गुरुजींच्या मनातले उत्तर ओळखण्याचा खेळ खेळत आहेत. शिक्षक, विद्यार्थी आणि तिसरा माणूस अशा तीन बाजूंनी एकच तास पाहण्याची ही रीत कृतिसंशोधनाची सर्वांत भक्कम देणगी आहे. आपल्या फाइलींत नेमकी तीच नसते.

दुसरा प्रवाह दक्षिण अमेरिकेतला. ब्राझीलचे पावलो फ्रेरे आणि कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी विचारले की प्रश्न कुणाचा आणि तो ठरवतो कोण? ज्यांच्यावर संशोधन होते त्यांनीच ते करावे, आणि त्यातून केवळ पद्धत सुधारू नये, सत्तेचे नातेही बदलावे, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या प्रवाहाचा भर कौशल्यावर आहे, दुसऱ्याचा न्यायावर. आदिवासी भागातल्या शाळेला दोन्ही लागतात.

नाव नसलेली आपली परंपरा

महाराष्ट्राने कृतिसंशोधन पुस्तकातून शिकण्याआधीच ते प्रत्यक्ष केले होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येत नव्हती. मुलांना दोष देण्याऐवजी या दोघींनी आपली पद्धत तपासली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी आकाराला आली. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून कुरणशाळा भरवली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, दगड वापरले. प्रत्येक पाऊल आधीच्या अडचणीतून निघाले होते. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्यामागचा शोधक बाणा मात्र तितक्या दूर पोहोचला नाही.

विदर्भाच्या मातीत दुसरा धागा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र करण्याची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. त्याच परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता. शाळा मुलांच्या उत्पादनावर चालू लागली तर मुले राबवली जातील आणि गावच्या कारागिरांशी त्यांची स्पर्धा होईल, ही त्यांची भीती. आज शाळेत उद्योजकता आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा आक्षेप भिंतीवर लिहून ठेवावा. पुढे या कल्पनेचे, म्हणजे नई तालीमचे, समाजोपयोगी उत्पादक कार्य झाले, त्याचे कार्यानुभव झाले आणि अनेक शाळांत शेवटी खडू, अगरबत्ती व एक वही एवढेच उरले. उद्योग राहिला, पण त्यातून गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवण्याचा शोध थांबला.

विज्ञान शिक्षणात मध्य प्रदेशातील होशंगाबाद कार्यक्रमाचा उल्लेख टाळता येणार नाही. १९७२ मध्ये १६ शाळांत तो सुरू झाला आणि वाढत शेकडो शाळांपर्यंत गेला. त्याची खरी ताकद शिक्षकांच्या मासिक बैठकांत होती. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, हे शिक्षक तिथे सांगत आणि त्यावरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके सुधारली जात. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले, तेही याच जातकुळीतले.

शाळेबाहेरची दोन उदाहरणे अधिक धीट आहेत. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) आदिवासींच्या भूमिसेना या संघटनेवर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास लोकसहभागी संशोधनाच्या जागतिक चर्चेत आजही येतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने तर अभ्यासगट हीच गावाची संस्था केली. निर्णय ग्रामसभेत घ्यायचा, पण त्याआधी अभ्यासगटात बसून कायदा, जंगल, हिशेब समजून घ्यायचा. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. अभ्यास, कृती, पुन्हा अभ्यास या क्रमातून एक आर्थिक उपक्रम उभा राहिला, आणि तोही पूर्व विदर्भातील गोंडबहुल गावात. दरेकसा परिसराला यासारखा जवळचा दाखला नाही.

सरकारी व्यवस्थेतले कृतिसंशोधन

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे ‘डायट’ उभ्या राहिल्या. प्रशिक्षण आणि शाळांना साहाय्य यांच्याबरोबर कृतिसंशोधन हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांतही त्याला जागा मिळाली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद शिक्षकांसाठी नवोपक्रम स्पर्धा घेते. शाळांच्या समूहाच्या, म्हणजे केंद्राच्या, स्तरावर शिक्षण परिषद भरते. म्हणजे सांगाडा तयार आहे.

तरीही जीव का येत नाही? पहिले कारण, प्रश्न वरून येतो. ‘या वर्षी भाषा विषयावर दोन कृतिसंशोधने’ असे उद्दिष्ट ठरले की अहवाल तयार होतात, शोध लागत नाही. दुसरे, बक्षीस यशाला असते. स्पर्धेत ‘माझा उपक्रम फसला आणि मला हे कळले’ असे लिहिणारा मागे पडतो. तिसरे, वेळ. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे असतात. चौथे कारण बदल्या. कृतिसंशोधनाला दोन-तीन वर्षांची सलगता लागते, आणि दुर्गम भागातून शिक्षक लवकर बाहेर पडू पाहतो. त्याच्याबरोबर त्या वर्गाबद्दलचे सगळे ज्ञानही निघून जाते, कारण ते कुठे लिहून ठेवलेले नसते.

चांगले अपवाद आहेत, पण त्यांची नक्कल कशी झाली हेही पाहावे लागते. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. येताना अनेकांनी फरशीवरची रंगीत आखणी आणि गणिताच्या काड्या आणल्या. मुलांचे रोजचे निरीक्षण करून उद्याचा तास ठरवण्याची सवय आणणे कठीण होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेने भाषा-गणित शिक्षणात सातत्याने असे निरीक्षण आणि साहित्यनिर्मिती केली आहे. तिथून शिकण्यासारखे हे, की पद्धत आणि पुरावा दोन्ही एकाच हाताने वर्षानुवर्षे जपावे लागतात.

उद्योजकता शिकवता येते का?

या प्रश्नावरचा एक गाजलेला प्रयोग भारतात झाला. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकीनाडा शहरातल्या ५२ व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत सिद्धिप्रेरणेचे, म्हणजे काही साध्य करण्याच्या ओढीचे, प्रशिक्षण दिले आणि पुढे त्यांच्या हालचालींचा माग ठेवला. प्रशिक्षण घेतलेल्यांनी नवे उद्योग सुरू करणे, भांडवल घालणे, माणसे कामाला लावणे यांत आघाडी घेतली. उद्योजक जन्मावा लागतो, या समजाला हा पहिला मोठा धक्का. पुढे गुजरातमध्ये उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीची संस्था झाली आणि १९८८ मध्ये औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले.

सरस सरस्वती यांचे २००१ चे संशोधन शाळेच्या दृष्टीने जास्त कामाचे आहे. मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेल्या या अभ्यासिकेने २७ अनुभवी उद्योजकांना एकच काल्पनिक उद्योग देऊन मोठ्याने विचार करायला सांगितले. ही माणसे बाजाराचा अंदाज बांधून उद्दिष्टामागे धावत नव्हती. माझ्याकडे काय आहे, मी कुणाला ओळखतो, मी किती तोटा सोसू शकतो, यापासून ती सुरुवात करत आणि लहान पाऊल टाकून मिळेल त्या उत्तरावरून पुढचे ठरवत. लेविनचा क्रमही हाच आहे. म्हणजे अनुभवी उद्योजक आपल्या धंद्यात एक प्रकारे कृतिसंशोधनच करत असतो. ज्या शिक्षकाने आपल्या वर्गात हा क्रम कधी अनुभवला नाही, तो मुलांना उद्योजकता म्हणून फक्त व्याख्या आणि यशस्वी उद्योगपतींची चरित्रे सांगत राहील.

परिणामांबद्दलचे पुरावे मात्र सरळ नाहीत. नेदरलँड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयातला २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवण्याच्या लोकप्रिय कार्यक्रमाने कौशल्ये फारशी वाढली नाहीत, उलट उद्योजक होण्याची इच्छा कमी झाली. काहींना आपला कल वेळेत कळला, असेही त्याकडे पाहता येईल. आफ्रिकेतील टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांवर केलेला २०१७ चा प्रयोग दुसरी बाजू दाखवतो. हिशेब-विपणनाचे पारंपरिक प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात ठोस फरक पडला नाही. स्वतः पुढाकार घेणे, अडचण आधी ओळखणे, चुकीतून शिकणे यांवर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. हे निष्कर्ष प्रौढांचे आहेत, ते जसेच्या तसे शाळेला लागू होत नाहीत. पण वहीतल्या माहितीपेक्षा वागण्याची सवय महत्त्वाची, एवढी दिशा त्यातून मिळते.

दिल्ली सरकारने २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकीय मनोवृत्तीचा अभ्यासक्रम आणला. २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २००० रुपये बीजभांडवल देऊन गटाने उद्योग करू दिला. त्याआधी खिचडीपूरच्या एका शाळेत १००० रुपये देऊन हे करून पाहिले होते. लहान प्रयोग, पाहणी, मग विस्तार हा क्रम योग्यच. मात्र महानगरात चालणारी कल्पना जंगलालगतच्या गावात चालेल असे नाही. दिल्लीतल्या मुलाला ग्राहक रस्त्यावर भेटतो. सालेकशाच्या मुलाला तो आठवडी बाजारात, यात्रेत किंवा गोंदियाला जाऊनच भेटतो.

महाराष्ट्राचा सर्वांत टिकाऊ नमुना पुणे जिल्ह्यातील पाबळचा आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या शाळेत आठवी ते दहावीसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय बसवला : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुले गावासाठी खरे काम करतात, गाव त्याचे पैसे देते आणि काम करता करता विज्ञान शिकवले जाते. शिकवणारेही गावातलेच कारागीर. राज्याच्या माध्यमिक मंडळाने हा विषय मान्य केला. अमेरिकेच्या एमआयटीबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ (डिजिटल निर्मितीची कार्यशाळा) २००२ मध्ये पाबळला झाली, हे सर्वांना आठवते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की कलबागांनी शाळेलाच प्रयोगशाळा मानले आणि वर्षानुवर्षे अभ्यासक्रम बदलत नेला.

पुरावा म्हणजे किती आणि कसला

इथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. शिक्षकाने आपल्याच वर्गात केलेल्या शोधावर विश्वास का ठेवावा? ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी (मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी स्थानिक तरुणी) कार्यक्रमाची २००१ ते २००४ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात तपासणी झाली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला आधी बालसखी मिळेल, हे चिठ्ठी टाकून ठरवले आणि फरक मोजला. मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. अशा तुलनेला जो भक्कमपणा येतो, तो एका वर्गाच्या पूर्वचाचणी-उत्तरचाचणीला येत नाही. वर्षभरात मुले तशीही थोडी पुढे सरकतात. सर्वांत कमी गुणांची मुले निवडली तर दुसऱ्या चाचणीत त्यांचे गुण वाढण्याची शक्यता मुळातच जास्त असते. नवा खेळ आणला की काही दिवस उत्साहही असतो. या गोष्टींचे श्रेय उपायाला देणे ही आपल्या फाइलींची नेहमीची चूक.

पण दोन्ही पद्धतींची कामे वेगळी आहेत. मोठा प्रयोग सरासरी सांगतो : ही पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. गोंडी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला ती का चालली नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी त्या मुलाजवळ बसावे लागते. म्हणून बाहेरच्या भक्कम संशोधनातून उपाय निवडणे आणि कृतिसंशोधनाने तो आपल्या वर्गाला बसवणे, अशी वाटणी शहाणपणाची.

दरेकसा परिसरात प्रश्न कसे मांडावेत

आता उदाहरणे. पहिले तेंदूपत्त्याचे. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी. हद्दीपलीकडे छत्तीसगडमध्ये ५० पानांची गड्डी. म्हणजे इकडच्या गोणीत ७० हजार पाने, तिकडच्या गोणीत ५० हजार. दोन राज्यांतले गोणीचे दर ऐकून कुठे जास्त मिळते, हे सांगायचे तर आधी दर हजार पानांवर आणावा लागतो. सीमेवरच्या पाचवी-सहावीच्या मुलाला एकमान पद्धत शिकवायला याहून खरे उदाहरण नाही. शिक्षकाचा शोध इथे असा : पुस्तकातली गणिते चुकवणारी मुले हे गणित बरोबर सोडवतात का? सोडवत असतील तर अडचण गणिताची की भाषेची? एका गटाला उदाहरण मराठीत आणि दुसऱ्याला घरच्या बोलीत सांगून पाहता येते, पुढच्या आठवड्यात गट उलटे करता येतात. तुलनाही होते आणि कोणी वंचितही राहत नाही.

दुसरे मोहफुलांचे. फुले पडण्याच्या हंगामात सकाळची हजेरी घटते, असे शिक्षक सांगतात. आधी ते खरे किती, हे हजेरीपटावरून काढावे : कोणती मुले, कोणत्या इयत्ता, किती दिवस. मग त्या दिवसांत शाळेची वेळ, गटशिक्षण किंवा पाड्यावर भरणारा वर्ग यांपैकी एक बदल करून पाहावा आणि पुन्हा हजेरी मोजावी. कोसबादच्या अंगणातली रीत हीच. शिवाय ओले फूल वाळल्यावर वजन किती घटते, लगेच विकावे की साठवावे, साठवताना किती खराब होते, हे मोजणे म्हणजे विज्ञानही आणि व्यापारही. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे संकलन-वाहतुकीचे निर्बंध सैल केले. केंद्राच्या वनधन योजनेत गौण वनोपजावर प्रक्रियेसाठी बचत गटांची केंद्रे बांधण्याची तरतूद आहे. आईच्या बचत गटाचा हिशेब मुलाने वर्गात मांडला, तर दोघांचेही शिक्षण होते.

तिसरे शाळेतल्या बाजाराचे. स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ आणि अनेक शाळांतला बालआनंद मेळावा ही आपली घरची उद्योजकता. अडचण एवढीच की तो वर्षातून एकदा भरतो, भज्यांचे पीठ घरून येते आणि विक्रीची रक्कम हाच नफा समजला जातो. तोच बाजार वर्षात तीनदा भरवला तर चित्र बदलते. पहिल्या खेपेला गट स्वतःच्या मनाने माल आणतात आणि घरच्या पिठा-तेलाची किंमतही वहीत लिहितात. नंतर वर्गात बसून ते तपासतात : काय उरले, का उरले, खरा नफा किती. दुसऱ्या खेपेआधी दहा ग्राहकांना विचारतात. तिसऱ्या खेपेला किंमत किंवा माल बदलतात. शिक्षक फक्त तीन गोष्टी टिपतो : कोणत्या मुलांनी निर्णय घेतला, मुली हिशेबाच्या जागी होत्या की फक्त रांधण्याच्या, आणि तोट्यानंतर गटाने काय केले. नफ्याच्या आकड्यापेक्षा शेवटची नोंद मोलाची.

कचारगडची यात्रा दाराशी आहे, म्हणून तिथे मुलांचे दुकान लावावे, असे कुणाला सुचेल. तिथे थांबायला हवे. यात्रा समाजाच्या श्रद्धेची आहे. तिथे काय करावे आणि काय नाही, हे आधी गावच्या जाणत्यांना आणि ग्रामसभेला विचारावे. विचारणे हाच त्या धड्याचा पहिला भाग. मुलांच्या वेळेवर, पैशावर आणि मेहनतीवर हक्क कुणाचा, हे लेखी ठरवावे. वर्गाचा तास बुडवून माल तयार करून घेतला तर के. टी. शाहांचा आक्षेप खरा ठरेल.

निवाडा

इतक्या वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. कृतिसंशोधन तिथे जगले जिथे प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तराचे परिणाम भोगायचे होते : कोसबादला, पाबळला, मेंढा-लेखाला. ते तिथे मेले जिथे अहवाल वाचणाऱ्याला खूश करायचे होते. उद्योजकता शिक्षणाचेही तेच. स्वतःच्या निर्णयाचा तोटा मुलाला सुरक्षित मर्यादेत सोसू दिला तर ते शिकते. फक्त यशाच्या गोष्टी ऐकवल्या तर परीक्षेत गुण मिळतील, पुढाकार मिळणार नाही.

म्हणून ‘डायट’ आणि केंद्रप्रमुखांना काही गोष्टी करता येतील आणि त्यांना नवा निधी लागत नाही. कृतिसंशोधनांची संख्या मागणे थांबवावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्याला एका शिक्षकाला अर्धा तास द्यावा आणि त्याने फसलेला उपाय आधी सांगावा. बदलून जाणाऱ्या शिक्षकाने वर्गाच्या नोंदवहीची प्रत शाळेत ठेवावी, म्हणजे नवा शिक्षक शून्यातून सुरू करणार नाही. नवोपक्रम स्पर्धेत ‘उपयोग झाला नाही’ या निष्कर्षालाही बक्षीस असावे. आणि दोन-तीन शाळांनी मिळून एकच प्रश्न घ्यावा, म्हणजे तुलना आपोआप होते.

शिक्षकांना एवढेच सांगणे : पुढच्या सत्रात मोठा विषय घेऊ नका. आपल्या वर्गातला, आपल्याला खरोखर सतावणारा एकच प्रश्न घ्या. तो एका वाक्यात लिहा, उपाय करण्याआधी आकडा नोंदवा, दोन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा घ्या. सुधारणा दिसली नाही तर तसेच लिहा. शेजारच्या शाळेला त्या एका ओळीचा उपयोग यशाच्या पन्नास पानांपेक्षा जास्त होईल.